उताऱ्यावर नाव कुणाचं?



पंचवीस वर्षं आपण सोलापूर महापालिकेचा कर वेळेवर भरला. पण परवा नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणली, तर जमिनीवर नाव अजून बिल्डरचंच! 1963 च्या मोफा कायद्याच्या नियमानं सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत त्यांनी अभिहस्तांतरण करून द्यायला हवं होतं. त्यांनी दिलं नाही, आपणही मागितलं नाही. मी सात वर्षं सचिव होतो. चूक माझीही आहे.

आता ते हयात नाहीत, वारस दाद देत नाहीत. तरी मार्ग आहे. मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सुनावणीनंतर बिल्डरच्या सहीशिवायही आदेश मिळू शकतो. प्रत्येकानं करारनामा आणि इंडेक्स टूची झेरॉक्स रविवारपर्यंत ऑफिसात द्यावी. इमारत म्हातारी होतेय. उद्या ती नव्यानं बांधायची तर खालची जमीन आपली हवी.