चाकांवरचं घर आणि वाळवंटातलं पाणी

गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी. यंदा आम्ही जैसलमेर ठरवलंय, थरचं वाळवंट. बस भाड्याची, सोबत शिधा, शेगडी, भांडी, अंथरूण-पांघरूण. शहरातले हौशी लोक गाडीतच पलंग आणि स्वयंपाकघर बसवून घेतात, तिला मोटरहोम म्हणतात. आपली यात्रेची बस तिचीच बहीण. अशी मोठी गाडी घेऊन वाळवंटात मुक्काम करायचा तर तयारी काय लागते, ते आज बोलूया.

आधी महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच दिवस. त्याच वाळवंटातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. हिवाळ्यात दिवसा ऊन सोसतं, पण रात्री कडाक्याची थंडी. प्रत्येकीजवळ जाड पांघरूण हवंच.

आता पाणी. इथे बायकांची खरी अडचण वेगळीच असते. लघवीला उतरायला मिळेल का, आडोसा असेल का, या धास्तीने आपण प्रवासात पाणीच पीत नाही. एरवी यातून जळजळ, डोकेदुखी होते. वाळवंटात तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आडोशाची सोय आधी करायची. चार बांबू, दोन जुन्या साड्या, एक फावडं गाडीत ठेवा. दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, हे चालकदादांना निघण्याआधी सांगा.

मग हिशोब. आपण ३० जणी. पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं धरून माणशी १० लिटर, म्हणजे दिवसाला ३०० लिटर. लिटरचं वजन एक किलो, म्हणजे ३०० किलो झाले. हे टपावर चढवू नका. वर वजन गेलं की गाडी वळणावर झोल खाते. पिंपं खाली, मधोमध, दोरीने बांधून ठेवा. कुणाला गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा.

तिथल्या गावात टांका दिसेल. पावसाचं पाणी साठवायची ती जमिनीखालची टाकी. जैसलमेरला पाऊस फारच कमी पडतो. त्या पाण्यामागे तिथल्या बायकांचे कष्ट आहेत. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. सम गावच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत, रस्ता चांगला आहे. पण फोटोसाठी बस वाळूत घातली की चाक रुतलंच. रुतलं तर रेस वाढवू नका, चाक आणखी खाली जातं. सगळ्याजणी उतरा, चाकापुढची वाळू काढा, टायरखाली गोणपाट घाला, मग हळू काढा. अंधार पडल्यावर प्रवास नको. रस्त्यावर उंट आणि गाई बसलेल्या असतात. तनोट मातेचं देऊळ सुमारे १२० किलोमीटरवर, सीमेजवळ आहे. तिकडे निघताना डिझेल शहरातच भरा, आधार कार्ड जवळ ठेवा.

शेवटचं, शेगडी. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात यात्रेकरूंनी आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. गाडीत चहासुद्धा करायचा नाही. सिलिंडर बाहेर, मोकळ्यावर, गाडीपासून लांब. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला.

बस ठरवताना परमिट, विमा आणि फिटनेसचे कागद बघायला मागा. चालक दोन हवेत. मालक म्हणेल, "ताई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तरी मागा. पैसे आपल्या बचतीचे आहेत आणि जीवही आपलेच.

पुढच्या बैठकीत कामं वाटून घ्या: एकीकडे पाणी, एकीकडे औषधं, एकीकडे कागद, एकीकडे साड्या-बांबू. घरून "बायकांना एकटं कसं पाठवायचं?" असं विचारलं, तर ही यादीच पुढे ठेवा.