राजकीय जोखीम : गुहागरच्या काठावरून



उन्हाळ्यात एकत्र बसून जाणत्यांचं ऐकायचं, ही आपली रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग १९२३ पासून भरतात. आता आपली मुलंमुली आंतरराष्ट्रीय राजकारण आणि ‘पोलिटिकल रिस्क’ शिकायला परदेशातल्या समर स्कूलला जातात. त्यांनी जरूर जावं. पण या विषयातलं जगभर अभ्यासलं गेलेलं एक प्रकरण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घडलं, आणि ते आपण आपल्या बाजूने अजून नीट शिकलेलो नाही. हे प्रकरण म्हणजे दाभोळचा वीजप्रकल्प. एन्रॉन म्हटलं की इथल्या बहुतेकांना तो आठवेल.

दाभोळ हे जुनं बंदर वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर काठावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात. कंपनीने नाव मात्र पलीकडच्या काठाचं घेतलं. त्यामुळे ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांची नावं जगभरच्या टिपणांत क्वचितच दिसतात. मला हे फार लागतं.

परदेशी पाठ्यपुस्तकात ही कथा साधारण अशी येते. १९९१ नंतर भारताने वीजक्षेत्र परदेशी भांडवलाला खुलं केलं. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला. रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे शिकवतात : भांडवल जमिनीत रुतेपर्यंत गुंतवणूकदाराचं पारडं जड असतं. एकदा कारखाना उभा राहू लागला की तो उचलून नेता येत नाही, आणि मग यजमान सरकार अटी बदलायला लावतं.

सिद्धान्त चांगला आहे, पण दाभोळला तो अपुरा पडतो. ज्या सरकारने प्रकल्प रद्द केला, त्याच सरकारने पुन्हा वाटाघाटी करून १९९६ मध्ये तो मान्य केला, आणि तोही दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉटचा. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज आली. त्याच वर्षी राज्यात पुन्हा सत्ता बदलली. नव्या सरकारने येताच करार रद्द केला नव्हता; मे २००१ मध्ये वीज मंडळाने तो रद्द केला आणि २००१ च्या मध्याला प्रकल्प बंद पडला. म्हणजे सत्ताबदल हे कारण पुरत नाही. मग जोखीम होती कुठे?

माझं उत्तर असं, की ती करारातच होती. तुमच्या वीजबिलात ‘स्थिर आकार’ असतो, वीज वापरा वा न वापरा. दाभोळच्या करारात हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर होतं. संच वीज द्यायला सज्ज असला की मंडळाने त्याचे पैसे द्यायचे, वीज घेतली नाही तरी. जितकी कमी वीज घ्यावी, तितका हा बोजा थोड्या युनिटांवर पडे आणि युनिट महाग होई. महाग झालं की मंडळ आणखी कमी वीज घेई. त्यातच आकारणी डॉलरशी बांधलेली. १९९३ अखेर डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ च्या मध्याला ४७ च्या घरात गेला. दाभोळचं इंधन आधी नाफ्था होतं, पुढे आयातीचा द्रवरूप नैसर्गिक वायू वापरायचं ठरलं होतं. प्रकल्प परवडणारा नाही, म्हणून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारलं होतं. तेव्हा करार लोकांसमोर खुला असता, तर हे हिशेब पुण्यामुंबईतल्या अभ्यासकांनी वेळेवर मांडले असते.

आता संरक्षण कोणाला होतं, ते पाहा. मंडळाच्या देण्याला राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, वाद झाला तर लंडनमध्ये लवाद, आणि अमेरिकी सरकारच्या ओपिक या संस्थेचा राजकीय जोखमीचा विमा. २००३ मध्ये या विम्याच्या वादात एका लवादाने प्रकल्पातली भागीदार कंपनी बेक्टेलच्या बाजूने निर्णय दिला आणि ओपिकला भरपाई द्यावी लागली. यातल्या कोणत्याही हमीने जोखीम नाहीशी झाली नाही, ती मंडळाकडे, पर्यायाने तुमच्याआमच्याकडे सरकली. वेलदूरच्या मच्छीमारांसाठी कोणतीही प्रतिहमी नव्हती. जून १९९७ मध्ये तिथे पोलिसांनी पहाटे घरांत शिरून बायकांना मारहाण केली, अटका केल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात त्याची नोंद आहे. जोखमीच्या कोणत्या तक्त्यात हा रकाना असतो?

आणखी एक गोष्ट. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. वर्षानुवर्षं सगळे यजमान देशाची पत मोजत होते. पाहुण्याच्या हिशेबवह्या तपासण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये, एकामागून एक सरकारांनी या प्रकल्पाबाबत कारभार कसा ढिला सोडला, हे स्पष्ट लिहिलं. तो अहवाल आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली. ते प्रकल्पाचं दुसरं आयुष्य, आज त्यात शिरत नाही.

माझी सूचना अगदी प्रत्यक्ष आहे. हा विषय शिकवणारा एक उन्हाळी वर्ग चिपळूण-गुहागरला भरावा. सकाळी कराराची कलमं ओळीने वाचावीत, दुपारी कागदपेन्सिल घेऊन डॉलर ३१ आणि ४७ धरून तेच बिल दोनदा काढावं. संध्याकाळी अंजनवेल, वेलदूरला जाऊन त्या काळच्या लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलावं. ही शेवटची गोष्ट लंडनच्या विद्यार्थ्याला सहज जमणारी नाही, आपल्याला जमते. शेवटी प्रत्येकाने दोन जोखीम-अहवाल लिहावेत : एक कर्ज देणाऱ्या बँकेसाठी, दुसरा गुहागरच्या पंचायत समितीसाठी, दोन्ही १९९३ सालच्या माहितीवर. कोकणातल्या महाविद्यालयांतले राज्यशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे जे शिक्षक इथे आले आहेत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं. पुढच्या मे महिन्याच्या तारखा आजच ठरवू.