गळतीखालचं पातेलं

आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटच्या परीक्षेची तयारी कशी करावी, यावर दहा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलंय. ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण आयटिल फाउंडेशनच्या तयारीला लागलेले असणार, म्हणून आयटिल म्हणजे काय इथपासून मी सुरुवात करत नाही. ब्रिटिश सरकारच्या संगणक खात्यानं १९८०च्या दशकात आयटिलचं काम हाती घेतलं, २०१९मध्ये आयटिल ४ आलं, आता परीक्षा पीपलसर्ट घेतं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पाठ आहे, हीच माझी तक्रार आहे.

दर रविवारी सकाळी माझ्याकडे सात-आठ मुलंमुली शिकायला येतात. बहुतेक हिंजवडीत पाळीनं काम करणारी, कुणी तर रात्रपाळी संपवून तसंच आलेलं. पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारते. इन्सिडेंट म्हणजे काय आणि प्रॉब्लेम म्हणजे काय? इंग्रजीत धाडधाड उत्तर येतं, स्वल्पविरामासकट. मग मी विचारते, काल रात्री सर्व्हर बंद पडला, तुम्ही तो पुन्हा सुरू केलात, लोकांची कामं चालू झाली, तिकीट बंद केलंत. आता सांगा, प्रॉब्लेम सुटला का? सगळे एका सुरात म्हणतात, ‘सुटला!’

नाही हो सुटला. इन्सिडेंट मिटला. प्रॉब्लेमला तर तुम्ही हातही लावला नाहीत.

यात दोष मुलांचा कमी आणि आपल्या बोलण्याचा जास्त. मराठीत आपण ‘प्रॉब्लेम’ कशालाही म्हणतो. नेटचा प्रॉब्लेम, सासूचा प्रॉब्लेम, सुट्ट्या पैशांचा प्रॉब्लेम. परीक्षेत हा शब्द तसा नसतो. तिथे प्रॉब्लेम म्हणजे कारण. घडलेल्या किंवा पुढे घडू शकणाऱ्या इन्सिडेंटमागचं कारण. पुस्तकात ‘प्रॉब्लेम’ दिसला की पेन्सिलीनं वर ‘कारण’ असं लिहा. हसू येईल, पण लिहा.

आता जरा माझ्या माहेरी येता का? दापोली तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. आषाढात माजघरात, देवळीच्या बाजूला, एका जागी टपटप सुरू व्हायची. आई काय करायची? पितळेचं पातेलं आणून खाली ठेवायची. अंथरूण दोन हात सरकवायची. झालं, सगळे झोपले. हे झालं इन्सिडेंट मॅनेजमेंट. झोप ही सेवा, ती मोडली होती, ती शक्य तितक्या लवकर परत मिळाली. गळती थांबली का? नाही. पण मध्यरात्री मुसळधार पावसात छपरावर चढायला कुणी सांगितलं नव्हतं. पातेलं हा वर्कअराउंड.

सकाळी वडील शिडी लावून बघायचे. कौल फुटलेलं. का फुटलं? वानरांनी उड्या मारल्या. वानरं तिथेच का उतरतात? अंगणातल्या फणसाची एक फांदी थेट त्या कोपऱ्यावर आलेली आहे. हे शोधणं म्हणजे प्रॉब्लेम मॅनेजमेंट. इन्सिडेंटवाला विचारतो, आत्ता झोप कशी लागेल? प्रॉब्लेमवाला विचारतो, पाणी येतंय कुठून? माणूस एकच असेल, पण प्रश्न दोन आहेत.

पुढचं ऐका, कारण इथे परीक्षेत हमखास फसगत होते. वडिलांना कारण कळलं. फांदी तोडली का? नाही तोडली. त्या फांदीला सगळ्यांत गोड कापे फणस लागायचे. एका पातेल्यापायी तेवढे फणस घालवायचे, हा व्यवहार कुणालाच पटला नाही. म्हणजे कारण शोधून झालं, पण काढून टाकलं नाही. याला आयटिलमध्ये नोन एरर म्हणतात. आणि पातेलं कुठल्या फरशीवर ठेवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. नव्या सुनेलासुद्धा पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं गेलं. पर्यायात ‘प्रत्येक प्रॉब्लेम कायमचा सोडवलाच पाहिजे’ असं दिसलं, तर आमचा फणस आठवा. कायमचा उपाय परवडत नसेल, तर वर्कअराउंडवर वर्षानुवर्षं चालतं.

दुसरी फसगत. मोठा इन्सिडेंट झाला की त्याचा प्रॉब्लेम होतो, असं मुलांना वाटतं. तीन ठिकाणी गळलं तरी ती गळतीच. गळतीची फांदी होत नाही! इन्सिडेंट वाढून प्रॉब्लेम होत नाही, त्याच्यामागे प्रॉब्लेम असतो. हे मी मघाशी सांगितलं, पुन्हा सांगते, कारण एव्हाना कुणीतरी उठून गॅसवरचं दूध बघून आलं असेल. गळती वेगळी, कारण वेगळं.

तिसरी. इन्सिडेंट घडल्याशिवाय प्रॉब्लेम सापडत नाही, असं नाही. वैशाखात घर शाकारायला गडी यायचे. कौलं उतरवायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या, तडकलेलं कौल बाजूला काढायचं. पाऊस अजून महिनाभर लांब, एक थेंब गळलेला नाही, तरी कारण हाती लागलं. तुमच्या कामात जुन्या तिकिटांचा कल बघून, किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं कळवलेल्या दोषावरून हेच करता येतं. पण शाकारणीला वेळ कुणाकडे आहे? मी सर्व्हिस डेस्कवर बरीच वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. तिथे दर महिन्याला किती तिकिटं बंद केली, यावर कौतुक व्हायचं. एकाच कारणाची तिकिटं महिन्यातून वीसदा बंद केली, तर शाबासकी वीसदा. पातेली मोजायची आणि छपराकडे बघायचं नाही. असो, हा विषय निघाला की मला राग येतो आणि वेळ जातो.

तर, चेंज एनेबलमेंट, म्हणजे बदल करायला परवानगी कशी द्यायची ते. आयटिल ४च्या पहिल्या पुस्तकात याला चेंज कंट्रोल म्हटलेलं आहे, जुनी टिपणं वापरणाऱ्यांनी गोंधळू नये. फुटलेल्या कौलाच्या जागी तसंच दुसरं बसवायचं, तर कुणाला विचारावं लागत नाही. गड्याला तशी कायमची मुभा आहे. हा स्टँडर्ड चेंज. कौलं काढून पत्रा घालायचा, तर मुंबईच्या काकांना विचारावं लागतं, घरात त्यांचाही वाटा आहे. खर्च किती, उन्हाळ्यात घर तापेल का, सगळं बोलून मग होकार किंवा नकार. हा नॉर्मल चेंज. आणि ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, निम्मी कौलं उडाली, तेव्हा मिळेल ती ताडपत्री बांधली. तो इमर्जन्सी चेंज. आता इथे मुलं म्हणतात, ‘म्हणजे आणीबाणीत परवानगी लागत नाही.’ लागते! काकांना फोन लागत नव्हता, म्हणून आईनं होकार दिला. परवानगी देणारं माणूस वेगळं असू शकतं, सोपस्कार थोडक्यात उरकता येतात, पण परवानगीच नको, असं नाही.

आणि सर्व्हिस रिक्वेस्ट. पाहुण्यांनी जादा चादर मागितली. काही मोडलेलं नाही, नेहमीचं मागणं आहे, द्यायची आणि विषय संपला. पासवर्ड बदलून द्या, नवा लॅपटॉप द्या, ही चादरच. तिला इन्सिडेंट म्हणून नोंदवू नका.

तुम्ही म्हणाल, बाई घराचीच गोष्ट सांगत बसल्या, अभ्यासाचं काय? हाच अभ्यास आहे. आयटिल ४मध्ये एकूण ३४ प्रॅक्टिसेस आहेत. फाउंडेशनला त्यांतल्या १५ लागतात आणि खोलात जायचं ते फक्त ७ प्रॅक्टिसेसमध्ये. मी आत्ता बोलले ते त्यांतलंच. चौतीसच्या चौतीस व्याख्या घोकणारी मुलं या सातांत मार खातात. दोन आठवडे रोज तासभर द्या, आणि प्रत्येक प्रॅक्टिसला तुमच्या कामातलं एक खरं तिकीट जोडा. कालचं, परवाचं, तुम्ही स्वतः बंद केलेलं. सराव-प्रश्न जरूर सोडवा, पण बरोबर उत्तराला खूण करून पुढे पळू नका. उरलेले तीन पर्याय का चुकले, हे मराठीतून मोठ्यानं बोला. घरचे विचित्र नजरेनं बघतील, बघू द्या. कुणीतरी पाठवलेल्या ‘परीक्षेत आलेल्या प्रश्नां’च्या फायली मात्र उघडूसुद्धा नका. ते नियमाबाहेर आहे, आणि त्यांतली उत्तरंही पुष्कळदा चुकीची असतात.

परीक्षेच्या दिवसाचं भरभर सांगते. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पुस्तक बंद, पास व्हायला २६ बरोबर. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. ‘नाही’ अर्थाचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत येतो, तरी घाईत डोळा त्यावरून घसरतोच. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल आणि कामाचीही भाषा नसेल, तर १५ मिनिटं जास्त मिळू शकतात, त्याची चौकशी नोंदणी करतानाच करा. घरून देणार असाल तर खोलीत एकटे बसा, टेबल मोकळं ठेवा, ओळखपत्र जवळ ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी ऐन परीक्षेत चहा घेऊन आत आली होती. आणि प्रमाणपत्र आता तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतं, तेव्हा भिंतीवर लावून विसरायचं नाही.

समोर स्टुडिओच्या काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत. दोन मिनिटं. सात मार्गदर्शक तत्त्वं राहिली. त्यांतलं एकच घेते, आहात तिथून सुरुवात करा. वडिलांनी नवं घर बांधायला काढलं नाही, आधी शिडी लावून आहे ते छप्पर बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, गड्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवला नाही, हेही त्या तत्त्वात आहे, आणि त्यावर प्रश्न…

आता एकच मिनिट. युटिलिटी आणि वॉरंटी छपरावरूनच सांगणार होते. घराला छप्पर आहे, ऊन-पाऊस अडवायला ते केलेलं आहे, ही झाली युटिलिटी. आषाढातल्या पावसातही ते तसंच टिकेल, ही वॉरंटी. आमचं छप्पर युटिलिटीत पास होतं, वॉरंटीत देवळीच्या कोपऱ्यापुरतं… बरं, थांबते. फणस अजून आहे.