ताटाचा फोटो, संशोधनासाठी

बोरिवली किंवा मुलुंडहून केमोथेरपीसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ विचारतात, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" ही पद्धत जुनी आणि मान्य आहे. पण उपचारांत तोंड येतं, चव जाते, मळमळतं. दोन घास खाऊन ताट सारलेलं असतं, आणि नेमकं किती पोटात गेलं हे थकलेल्या माणसाला आठवत नाही.

इथे संशोधकांना स्मार्टफोन उपयोगी पडतो. जेवणाआधी ताटाचा एक फोटो, जेवल्यावर उरलेल्या अन्नाचा दुसरा. शेजारी ठरावीक मापाचं कार्ड ठेवलं की प्रमाणाचा अंदाज येतो. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यजिन्नसांच्या पोषणमूल्यांचे तक्ते दिले आहेत, त्यांवरून उष्मांक आणि प्रथिनं काढता येतात. मला तो दुसरा फोटोच अधिक मोलाचा वाटतो. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटणं ही कर्करोगातल्या शरीरक्षयाची खूण मानतात; अन्न कमी पडतंय हे त्याआधी कळायला हवं.

आमटीतलं तेल मात्र फोटोत मोजता येत नाही. ते स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारावं लागतं. आजोबांना फोन जमत नसेल, तर घाटकोपरच्या घरातली नात फोटो काढू शकते. नाहीतर वयस्कर रुग्ण अभ्यासातून गळतात आणि निष्कर्ष एकांगी निघतात.

अशा अभ्यासात सहभागी होण्याआधी संमतिपत्र नीट वाचा, फोटो कोण पाहणार ते विचारा. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.