माप कोणाचे, कापूस कोणाचा?



सेनगाव-कळमनुरीच्या पराटीला बोंडे किती लागली, यावर कापसाचा भाव ठरत नाही. तो ठरतो दुसऱ्यांच्या भांडणात. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि इंग्रजांच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. ते वऱ्हाड त्यांनी १८५३ सालीच निजामाकडून ताब्यात घेतले होते, फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीतच होती! कापसाचे सोने झाले. १८६५ ला तिकडची लढाई थांबली आणि इकडचा भाव कोसळला.

कोणी म्हणेल, ते राज्य इंग्रजांचे होते. आता सगळे करारावर चालते. बरे, करार पाहू. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. आमचे भांडण खुल्या बाजाराशी नाही, मापाशी आहे. सरकार शेतमालाला किती आधार देते हे मोजायला १९८६ ते ८८ चे जागतिक भाव धरले. आजचा हमीभाव त्या जुन्या भावाशी ताडायचा आणि वरचा फरक सबसिडी म्हणून आपल्या नावे लिहायचा. डिझेल आजचे, मजुरी आजची, माप मात्र आमच्या बापाच्या काळातले. याच मापाने मोजून अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये ठपका ठेवला, की भारत कापसाला हद्दीबाहेर आधार देतो.

आणि स्वतः? अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझीलने २००२ साली दावा लावला, २००५ साली अपिलातही जिंकला. सबसिडी बंद झाली म्हणता? छे! २०१० च्या तडजोडीत अमेरिकेने ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि आपला कायदा चालू ठेवला. २०१४ ला आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे आफ्रिकेतले चार गरीब कापूसवाले देश २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडत आले. त्यांना अशी भरपाई कोणी दिली नाही. ब्राझील उलटा कर बसवू शकत होता, हे देश काय बसवणार?

आता घरचे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के कर लावला. त्यातला निम्मा रशियाचे तेल घेतो म्हणून. त्याच महिन्यात, १९ तारखेला, दिल्लीने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कापड उद्योगाला दिलासा, असे कारण दिले. गिरण्या जगाव्यात, आमचे काही म्हणणे नाही. पण तेल रशियाचे, राग अमेरिकेचा, आणि ऐन वेचणीत बाजार उघडला तो आमच्या कापसाचा. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता. खेडा खरेदीत काय मिळाला ते तुम्हीच सांगा.

म्हणून आजच्या बैठकीपुढे ठराव ठेवतो आहोत: ऑक्टोबर ते मार्च कापसावरचा आयात कर उतरवू नये, आणि अमेरिकेशी कोणताही करार करताना त्यातली कापसाची कलमे सहीआधी मराठीत छापून बाजार समितीच्या फलकावर लावावीत. ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी उभे राहून बोलावे.