रानातले ज्ञान आणि आपले ऋण
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळात, अगस्त्यमलाईचे डोंगर आहेत. काणी ही आदिवासी जमात तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहते. १९८७ मध्ये डॉ. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी वनस्पतींच्या अभ्यासासाठी त्या रानात फिरत होते. चढणीने शास्त्रज्ञ थकले; वाटाडे काणी तरुण मात्र लहानशी फळे खात ताजेतवाने चालत होते. शास्त्रज्ञांनीही ती खाल्ली आणि थकवा ओसरला. फळे कशाची, हे सांगण्यास तरुण प्रथम तयार होईनात. ती विद्या परक्यास द्यायची नसते. विश्वास बसल्यावरच त्यांनी वनस्पती दाखविली. तिचे नाव आरोग्यपच्चा.

पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यापासून, इतर तीन वनस्पतींच्या जोडीने, ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये १० लाख रुपये शुल्क व २ टक्के स्वामित्वधन घेऊन ते बनविण्याचा परवाना देण्यात आला. त्यातील निम्मा वाटा काणींचा ठरला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा स्वतःचा विश्वस्त निधी स्थापन झाला.

हा व्यवहार निर्दोष नव्हता. माहिती मोजक्यांनी दिली. इतर वस्त्यांतील जाणत्यांना विचारले गेले नाही, अशी तक्रार झाली. वनखात्याच्या निर्बंधांमुळे लागवडही अडली. तरीही एक तत्त्व मान्य झाले: ज्याने ज्ञान दिले, त्याचा त्यावर हक्क आहे.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. डोंगरवस्तीवरून आलेला रुग्ण आधी घेतलेला झाडपाला डॉक्टरांपासून लपवितो, कारण त्याला हसण्याची वा रागावण्याची भीती असते. पण काही वनौषधींचा रक्त गोठण्यावर, यकृतावर किंवा चालू औषधांवर परिणाम होतो. लपविलेली मुळी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवावर बेतू शकते. म्हणून नातेवाइकांना माझी विनंती आहे, की जे दिले असेल ते निःसंकोच सांगा. आणि आम्हा डॉक्टरांनी ते आदराने विचारावे, नीट ऐकावे, केसपेपरवर नोंदवावे. प्रत्येक मुळी गुणकारी असते असे नाही. ते पारखूनच ठरवावे लागते. परंतु पारखण्याआधी ऐकावे लागते.

काणी तरुणांनी विश्वास बसल्यावरच तोंड उघडले. आपल्या दारी येणाऱ्यालाही तो विश्वास वाटावा, एवढीच प्रार्थना.