भिंत बुजवायची, पण कशानं?

आजचा विषय अगदी घरातला. भिंतीतली भोकं, भेगा भरायच्या कशानं?

माझा किस्सा सांगतो. भाड्याची खोली सोडायची होती आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे निघालेले. डिपॉझिट वाचवायचं म्हणून मी पीओपी कालवलं, फासलं, वर रंग मारला. दोन दिवस एकदम झकास! मालक बघायला आले तोपर्यंत सगळं फुगून वर आलं होतं. पैसे कापले गेलेच.

चूक काय झाली? पीओपी म्हणजे जिप्सम. ओल लागली की ते मऊ पडतं. आणि मी ओल कुठून येतेय हे बघितलंच नव्हतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक करा. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दिवसभरानं काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं असेल, तर ओल आतून येतेय. आधी गळती थांबवा, भिंत सुकू द्या. तोवर काहीही भरलंत तरी ते टिकणार नाही.

भिंत कोरडी आहे? मग खोली बघा.

खिळ्याचं भोक, केसाएवढी भेग असेल तर अ‍ॅक्रिलिक पुट्टी पुरते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरणार असाल तर जुना रंग खरवडा, भिंत किंचित ओली करा. रंगावर ती धरत नाही. कुठलीही पुट्टी पातळ हातानंच लावा. जाड थर सुकताना आकसतो आणि तडकतो.

प्लास्टरच निघालंय? तिथे पुट्टी नको. सिमेंट-वाळूचा माल भरा, काही दिवस पाणी मारा, सुकल्यावर वरून पुट्टी.

खिडकीच्या चौकटीची फट सारखी थोडी हलत असते. तिथे अ‍ॅक्रिलिक सीलंट. ते लवचीक असतं आणि त्यावर रंगही बसतो. सिलिकॉनवर साधा रंग धरत नाही.

शेवटचं. भेगेच्या टोकाला पेन्सिलनं खूण करा, तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे सरकत राहिली, तर बुजवू नका, इंजिनिअरला दाखवा.

मी पीओपीची पिशवी आधी आणली आणि भिंत नंतर बघितली. तुम्ही उलटं करा. चला, भेटू पुढच्या भागात!